उन्हात चढणारी नदी

ऑगस्टमधली उघाड. सिरोंच्यात दोन-तीन दिवस पावसाचा टिपूस नाही. ऊन कडक पडले आहे, बांधीतले पाणी आटत चालले आहे आणि रोवणी उशिरा झालेला शेतकरी एखादी सर येते का याची वाट पाहतो आहे. अशा वेळी प्राणहिता चढू लागते. सकाळी वाळूत असलेला डोंगा दुपारी पाण्यावर डुलतो, संध्याकाळी तो आणखी वर ओढून बांधावा लागतो. रात्रीतून काठच्या मिरचीच्या वाफ्यांत गढूळ पाणी शिरते. आभाळात चांदण्या असतात.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्यांना यात नवल वाटत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र वाटते, कारण पूर म्हणजे आपल्या डोक्यावर पडलेला पाऊस अशीच आपली समजूत असते. सिरोंच्याचा पूर बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या डोक्यावर पडलेल्या पावसाचा असतो. तो पाऊस कुठून येतो, त्याचे पाणी इथेच का जमते आणि या गावाचा इतिहासही त्याच पाण्याने कसा घडवला, हे समजून घेण्यासारखे आहे.

ढग कोणत्या समुद्राचे?

महाराष्ट्राचा पाऊस म्हटले की अरबी समुद्र, कोकण आणि सह्याद्री डोळ्यांपुढे येतात. नकाशावर सिरोंच्यापासून दोन रेषा ओढून पाहा. मुंबईकडे ओढलेली रेषा साधारण ७५० किलोमीटरची भरते. आग्नेयेला काकीनाड्याकडे ओढलेली रेषा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास संपते. बंगालचा उपसागर या गावाला दुपटीहून जवळचा आहे. सह्याद्री ओलांडताना अरबी समुद्राकडचे वारे बराच पाऊस घाटमाथ्यावर टाकून येतात आणि पुढे मराठवाड्याच्या वाट्याला थोडेच उरते. गडचिरोलीत मात्र वर्षाला साधारण १,३०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. या पावसाची किल्ली पूर्वेच्या समुद्राकडे आहे.

जून ते सप्टेंबर या काळात बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. एका मोसमात अशी डझनभर तरी होतात आणि त्यातली काही जोर धरतात. समुद्राचे पाणी उबदार असते, त्यावरची हवा बाष्पाने भरलेली असते. ही हवा वर चढली की बाष्पाचे थेंब होतात आणि थेंब होताना उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते, खालचा दाब आणखी उतरतो आणि भोवतालचे वारे त्या जागेकडे धावू लागतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे ते सरळ आत न येता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने केंद्राभोवती फिरतात. हे भोवरे बहुधा ओडिशाच्या किनाऱ्यावरून जमिनीवर येतात आणि छत्तीसगड, मध्य प्रदेश असे वायव्येकडे सरकतात.

सर्वांत जास्त पाऊस या भोवऱ्याच्या केंद्रात पडत नाही, तो केंद्राच्या नैऋत्येला पडतो. केंद्राच्या दक्षिणेकडचे वारे पश्चिमेकडून येतात आणि सोबत अरबी समुद्राचे उरलेसुरले बाष्पही आणतात. केंद्राच्या पश्चिमेकडचे वारे उत्तरेकडून खाली येतात. नैऋत्येच्या कोपऱ्यात दोघांची गाठ पडते, हवेला वर जाण्यावाचून वाट राहत नाही आणि तिथे पाऊस कोसळतो. म्हणून दूरदर्शनच्या नकाशावर कमी दाबाचे केंद्र रायपूरच्या वर दिसत असते आणि झड लागलेली असते भामरागड, एटापल्ली, अहेरीला. केंद्र आपल्यावर नाही म्हणून निश्चिंत बसण्यात या भागात अर्थ नाही.

जंगलाबद्दलही इथेच बोलून घेतो. गडचिरोलीचा सुमारे ७० टक्के भाग वनाखाली आहे, आणि जंगल असले की पूर येत नाही असे पुष्कळजण मानतात. जूनच्या पहिल्या पावसात हे खरे ठरते. पानांचा थर, मुळे, भुसभुशीत माती पाणी पिऊन घेतात आणि नाले हळू वाहतात. ऑगस्टपर्यंत हीच माती तुडुंब भिजलेली असते. मग एका दिवसात २०० मिलिमीटर कोसळले तर जंगलही ते धरून ठेवू शकत नाही. जंगल माती वाहू देत नाही, झरे उन्हाळ्यापर्यंत जिवंत ठेवते, हे त्याचे उपकार मोठेच आहेत. मोठा पूर अडवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे चुकीचे आहे.

विदर्भाचे पाणी एका कोपऱ्यात

सिरोंचा समुद्रसपाटीपासून शे-सव्वाशे मीटर उंचीवर आहे. नागपूर ३०० मीटरच्या वर आहे. विदर्भाची बहुतेक जमीन आग्नेयेकडे उतरत जाते आणि त्या उताराच्या तळाशी हे गाव बसले आहे.

या उताराची गोष्ट फार जुनी. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे जमिनीला दोन लांब भेगा पडल्या आणि त्यांच्यामधला पट्टा खाली बसत गेला. वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारा हा खोलगट पट्टा म्हणजे प्राणहिता-गोदावरीचे खोरे. त्यात नद्यांनी गाळ आणून भरला. वनस्पती पुरल्या गेल्या त्यांचा कोळसा झाला, तो चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणींत निघतो. प्राणी पुरले गेले त्यांचे जीवाश्म झाले. सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना मोठ्या डायनोसॉरची हाडे सापडली. त्या प्राण्याला रवींद्रनाथ टागोरांच्या नावावरून ‘बारापासॉरस टागोराय’ असे नाव दिले गेले आणि त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे. ज्या खोलगट भागाने ही हाडे जपली, त्याच खोलगट भागाकडे आजही विदर्भाच्या नद्या धाव घेतात.

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून निघते आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली करत येते. वर्धा नदी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईकडून येते आणि वाटेत पैनगंगेला घेते. चपराळ्याच्या अभयारण्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात, तिथून पुढे नाव प्राणहिता. ही नदी जेमतेम ११३ किलोमीटर लांब आहे. तिच्यात पाणी येते ते मात्र १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर प्रदेशाचे, म्हणजे गोदावरीच्या सगळ्या खोऱ्याच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. सिरोंच्याच्या पुढ्यात ही नदी गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर तेलंगणातले कालेश्वर आहे. आणखी खाली सोमनूरजवळ ओडिशातून बस्तरमार्गे आलेली इंद्रावती गोदावरीत उतरते.

आता उन्हातल्या पुराचा हिशेब मांडता येतो. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणापासून सिरोंच्यापर्यंत नदीची वाट सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पुराचे पाणी या सपाट पात्रातून तासाला पाच-सहा किलोमीटर सरकते, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, पण न थांबता, रात्रंदिवस. त्याला साधारण अडीच दिवस लागतात. तोवर पाऊस देणारा भोवरा मध्य प्रदेश ओलांडून विरूनही गेलेला असतो, मागे स्वच्छ ऊन पडलेले असते, आणि त्या उन्हात त्याचे पाणी येऊन पोहोचते.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने हेच दाखवून दिले. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, सिवनीतल्या संजय सरोवरातून आणि मग गोसीखुर्दमधून पाणी सोडावे लागले. भंडारा शहर बुडाले आणि मागोमाग चंद्रपूर जिल्ह्यातला ब्रह्मपुरी तालुका. नदीने वेढलेल्या लाडज गावातून माणसांना नावांनी बाहेर काढावे लागले. पाणी गावात शिरेपर्यंत पुष्कळांचा विश्वास बसला नव्हता, कारण त्यांच्याकडे तसा पाऊसच नव्हता.

याची एक दिलासा देणारी बाजूही आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. पावसाचा भोवरा वायव्येकडे जातो, नद्या आग्नेयेकडे येतात. दोघांच्या वाटा उलट आहेत. भोवरा आधी इंद्रावतीचे खोरे भिजवतो, मग गडचिरोली आणि शेवटी वैनगंगेचा वरचा भाग. त्यामुळे इंद्रावतीचा पूर बहुधा आधी येऊन खाली निघून जातो आणि वैनगंगेचा मागाहून येतो. दोन्ही एकाच वेळी गोदावरीत सहसा उतरत नाहीत. हा क्रम मोडला की संकट. भोवरा एका जागी रेंगाळला, किंवा पाठोपाठ दुसरा आला, तर पहिल्या पावसाचे वैनगंगेतले पाणी आणि दुसऱ्या पावसाचे इंद्रावतीतले पाणी एकमेकांना गाठतात.

जुलै २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात विदर्भ आणि तेलंगणा दोन्हीकडे एकाच वेळी कोसळत राहिले. सिरोंच्याखालच्या मेडीगड्डा बंधाऱ्यातून २८ लाख क्युसेकांहून अधिक पाणी वाहिले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. त्या हिशेबाने सेकंदाला जवळपास ८ कोटी लिटर पाणी जात होते. १६ जुलैला खाली भद्राचलमला गोदावरी ७१.३ फुटांवर पोहोचली. त्याहून वरची नोंद एकच आहे, १६ ऑगस्ट १९८६ ची, ७५.६ फूट. वयस्कर माणसे आजही प्रत्येक पूर शहाऐंशीच्या पुराशी ताडून पाहतात.

पुढे पाणी तुंबले की मागे चढते

नदी चढण्यासाठी तिच्यात जास्तच पाणी यायला हवे असे नाही. तिला पुढे जायला वाट नसली तरी ती चढते. घरातल्या मोरीचे पाणी गल्लीच्या गटारात जाते. गटारच तुडुंब भरले असेल तर मोरीत दोन तांबे ओतले तरी पाणी परत न्हाणीत येते. गोदावरी भरून वाहत असली की प्राणहितेचे असेच होते. पाटबंधारे खात्यात याला फुगवटा म्हणतात.

फुगवटा किती मागे जातो ते उतारावर ठरते. सिरोंच्यापासून समुद्रापर्यंत नदी किलोमीटरमागे जेमतेम वीतभर उतरते. एवढ्या मंद उतारावर संगमापाशी पातळी दोन मीटर चढली, तर ढोबळ हिशेबाने आठ-दहा किलोमीटर मागेपर्यंत तिचा परिणाम जाणवतो. आणि मुख्य नदीत पाणी तुंबले की तिला मिळणारे लहान नालेही उलटे भरतात. गावात पूर आधी शिरतो तो पुष्कळदा नदीच्या बाजूने नाही, मागच्या नाल्यातून. रस्त्यावरचे रपटे बुडतात ते याच कारणाने, आणि नदीकाठ सोडून उंचावर जायला निघालेली माणसे मध्येच अडकतात.

भामरागडची दरवर्षीची बातमी हीच. तिथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम आहे. पर्लकोटेचे स्वतःचे खोरे लहान आहे. पण इंद्रावतीचा दाब आला की तिचे पाणी मागे फिरते, तिच्यावरचा ठेंगणा पूल पाण्याखाली जातो आणि तालुक्याचे गाव जगापासून तुटते. पाणी बाजारपेठेत शिरते, दुकानदार माल माळ्यावर चढवतात. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्याकडे जाणारी वाटही हीच, म्हणून पावसाळ्यात पलीकडच्या रुग्णाला अलीकडे आणणे हा डोंगा चालवणाऱ्याच्या हिमतीचा प्रश्न होऊन बसतो.

> पुराचा अंदाज कुठे पाहावा
> पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाच्या पत्रकात सरिता मापन केंद्रांची पातळी रोज येते. सिरोंच्याच्या माणसाने आपल्या गावाच्या आधी वरची नावे वाचावीत. वैनगंगेसाठी पवनी, वाघोली, आष्टी, वर्धेसाठी बल्लारपूरजवळचे बामणी, प्राणहितेसाठी टेकडा. इंद्रावतीसाठी जगदलपूर, चिंदनार, पातागुडम. आष्टी आणि बामणी दोन्ही इशारा पातळीवर गेली, आणि त्याच वेळी कालेश्वरला गोदावरीही चढती असेल, तर गावात ऊन असले तरी सामान हलवायला लागावे.

मापन केंद्रावर काम चालते तेही बघण्यासारखे असते. काठाच्या उतारावर एकापेक्षा एक उंचीवर खांब रोवलेले असतात आणि प्रत्येकावर सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेल्या. पाण्याने एक खांब गिळला की वाचन वरच्या खांबावर जाते. पुराच्या दिवसांत दर तासाला, रात्रीही बॅटरीच्या उजेडात, निरीक्षक उतारावर उतरतो. लाटांनी पाणी खालीवर होत असते, त्यातून स्थिर पातळी नजरेने पकडावी लागते. तो लिहितो तो आकडा नदीच्या तळापासूनचा नसतो, समुद्रसपाटीपासूनचा असतो. म्हणूनच आष्टीचा, टेकड्याचा आणि बंधाऱ्याचा आकडा शेजारीशेजारी ठेवून पाणी कुठून कुठे किती उतरते आहे ते कळते. हे आकडे आधी कळल्याने वाचलेले जीव कुठे मोजले जात नाहीत, पण त्या माणसाचे काम मला फार मोलाचे वाटते.

समुद्र गावापर्यंत आणण्याचा बेत

नदीने सिरोंच्याला एकदा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण केले होते. १८६० च्या तहाने निजामाकडून गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांकडे आले. त्यांचा अप्पर गोदावरी जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचे मुख्यालय. तिथला डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड याने बस्तर संस्थानावर लिहिलेला १८६२ चा अहवाल अभ्यासक अजून वाचतात. सिरोंचा तालुक्यात ग्लासफोर्डपेठा नावाचे गावही आहे.

जंगलाने वेढलेल्या, तापाच्या साथींसाठी बदनाम असलेल्या या टोकाला जिल्हा का हवा होता? कापसासाठी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाकडे पाहू लागल्या. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा करणाऱ्या आर्थर कॉटनचा ठाम विश्वास होता की रेल्वेपेक्षा पाण्याची वाट स्वस्त पडेल. वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा सलग जलमार्ग करायचा, कापूस नावांत भरायचा आणि थेट पूर्व किनाऱ्यावर उतरवायचा. सिरोंचा या मार्गाच्या मध्यावर होते.

वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते. पहिला खाली दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेत, आजच्या अहेरी तालुक्यातल्या देवलमरीजवळ. प्रत्येक ठिकाणी बंधारा घालून, बाजूने कालवा काढून, झडपांच्या कुंडांतून नावा वर-खाली करायच्या होत्या. दुम्मागुडेमचे काम झाले. वरची दोन कधीच पुरी झाली नाहीत. १८७१ मध्ये सरकारने योजना सोडून दिली.

खर्च वाढला, मजूर तापाने आजारी पडले, आणि १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली, ही कारणे इतिहासात दिली जातात आणि ती खरी आहेत. मला त्यांच्या मुळाशी हवामान दिसते. ज्या नदीला चार महिन्यांत वर्षभराचे पाणी मिळते, ती पावसाळ्यात नावा फोडते आणि उन्हाळ्यात वाळूत रुतवते. निर्धोक वाहतुकीला मधले थोडे आठवडे उरतात. कापूस फुटतो दिवाळीच्या सुमारास आणि बाजारात येतो हिवाळ्यात, म्हणजे पाणी उतरू लागते तेव्हा. माल आणि पाणी यांचे महिनेच जुळत नव्हते. रेल्वेला महिन्यांची अडचण नव्हती.

योजना गेली आणि जिल्हाही गेला. १८७४ मध्ये तो मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्यात गेला, सिरोंचा चांदा जिल्ह्याची तहसील झाली. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हे गाव नव्या जिल्ह्याच्या मुख्यालयापासूनही दोनशे किलोमीटरहून लांब राहिले. घरात तेलुगू, कचेरीत मराठी, जंगलाकडे माडिया आणि गोंडी, सोयरिकी नदीपलीकडे, अशी इथली रीत आहे. एप्रिल २०२२ मध्ये बारा वर्षांनी आलेल्या प्राणहिता पुष्करम पर्वात दोन्ही काठांवर स्नानाची गर्दी उसळली होती. त्यानंतर तीनच महिन्यांनी तेच काठ पाण्याखाली होते.

बंधाऱ्यानंतरची नदी

दीडशे वर्षांपूर्वी नदी अडवण्याचा बेत फसला. आपल्या काळात तो पुरा झाला, पण सिंचनासाठी. तेलंगणाच्या कालेश्वरम प्रकल्पातला मेडीगड्डा बंधारा २१ जून २०१९ ला सुरू झाला. ८५ दरवाजे, सुमारे १.६ किलोमीटर लांबी, एक टोक तेलंगणात आणि दुसरे सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीला. ऑगस्ट २०१६ च्या करारात महाराष्ट्राने समुद्रसपाटीपासून १०० मीटर पातळीपर्यंत पाणी अडवायला मान्यता दिली होती.

पुरात असा बंधारा सगळे दरवाजे उचलतो आणि पाणी जाऊ देतो, म्हणून पूर बंधाऱ्यामुळे येत नाही, असे अभियंते सांगतात. काठचे शेतकरी सांगतात की पाणी पूर्वीपेक्षा जास्त आत येते, जास्त दिवस थांबते आणि जमीन खरवडून वाळू टाकून जाते. मोबदल्यासाठी त्यांनी सिरोंच्यात आंदोलने केली. माझ्या मते दोन्ही बाजूंचे म्हणणे तपासता येण्यासारखे आहे. दरवाजे उघडे असले तरी खांब पात्रात उभे असतातच, ते पाण्याला काही प्रमाणात अडवतात. दरवाजे कोणत्या तासाला किती उघडले, त्या तासाला टेकडा, कालेश्वर आणि बंधारा इथे पातळी किती होती, हे आकडे एकत्र ठेवले की फुगवट्यात नदीचा वाटा किती आणि बांधकामाचा किती, हे काढता येते. १०० मीटरची रेषा शिवारात प्रत्यक्ष कुठून जाते, ते सातबाऱ्यावर जमीन असलेल्या माणसाला खांब रोवून दाखवायला हवे. नुकसान त्याचे होते आणि मोजणी मात्र दुसऱ्या राज्यात राहते, ही अडचण खरी आहे.

२१ ऑक्टोबर २०२३ ला बंधाऱ्याचे काही खांब खचले. मग साठवलेले पाणी सोडून देण्यात आले आणि दरवाजे उघडे ठेवले गेले. बंधारा दुरुस्त करून पुन्हा भरायचा तर किती पातळीपर्यंत, हा प्रश्न तेलंगणात राजकारणाचा झाला आहे. सिरोंच्याच्या काठावर तो मिरची कुठल्या वाफ्यापर्यंत लावायची याचा प्रश्न आहे, आणि ते ठरवायला शेतकऱ्याला रोपे टाकण्याआधी उत्तर लागते.